एक हाड, बेचाळीस नकला

मेरिदा, १२ ऑगस्ट

तोमासाताई,

वर नमस्कार लिहिला असता तर तू पत्र तिथेच मिटलं असतंस, म्हणून लिहिला नाही. फोन तर तू उचलतच नाहीस. निदियाला विचारलं तर तुझी लेक अगदी तुझ्याच आवाजात म्हणाली, "मामा, आई फोनवर बोलायची नाही. कागद पाठव. कागद आला की ती भट्टीपाशी बसून वाचतेच, मग तो औषधाच्या बाटलीवरचा का असेना."

म्हणून हा कागद.

विशेष काही नाही. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण पंचावन्नाव्या वर्षी दुखायला काहीतरी हवंच. कॉलेजात कामं पुष्कळ आहेत. तुझी पावाची भट्टी कशी चालली आहे? पावसात मागचं छप्पर गळतं का अजून?

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी गावी यावं म्हणतो. स्मशानात आई-बाबांच्या पेट्या पुसायला. तू नाही म्हणालीस तर येणार नाही.

बाबांचं ते हाड माझ्या टेबलाच्या खणात नीट ठेवलेलं आहे. येताना घेऊन येईन. त्याची काळजी करू नकोस.

एलिसेओ

२६ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. निदियानं मात्र कळवलं की पत्र भट्टीत गेलेलं नाही, पिठाच्या डब्याखाली आहे. माझ्यासाठी एवढं पुरे.

तू कधी विचारलं नाहीस की मी इथे नेमकं करतो काय. बाबांनीही कधी विचारलं नाही. "जनावरांची हाडं धुतो," असं ते लोकांना सांगायचे आणि विषय बदलायचे. ते खोटं नव्हतं. एकतीस वर्षं मी तेच केलं. मेलेली कुत्री, डुकरं, घोडे, गाई. मांस काढायचं, उकळायचं, तेल काढायचं, उन्हात वाळवायचं, नंबर घालायचे आणि पोरांच्या हातात द्यायचे. पुढे ती पोरं जनावरांचे डॉक्टर होतात आणि मला विसरतात. इथल्या दमट हवेत हाडांना बुरशी लागते, मुंग्या लागतात. दहा वर्षांत हाताळून हाताळून कडा बोथट होतात, आणि कडाच गेल्या तर शिकायचं काय?

आता हाडांची छपाई निघाली आहे. हसू नकोस. खरं हाड फिरत्या चकतीवर ठेवायचं, यंत्र त्याला चारी बाजूंनी बघतं, आणि मग दुसरं यंत्र पांढऱ्या प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत तसंच हाड उभं करतं. कुत्र्याची एक मांडी व्हायला चौदा तास लागतात. गेल्या वर्षभरात मी कुत्र्याच्या पुढच्या पायांचे बेचाळीस संच काढले, प्रत्येक विद्यार्थ्याला एक. आता पोरं हाडं घरी नेतात. पूर्वी एकानं खरी कवटी बसमधून नेली होती, तर पोलिसांनी त्याला उतरवून तासभर उभा केला होता.

मागच्या खोलीत चार यंत्रं दिवसभर घरघरत असतात आणि मी त्यांच्यामध्ये स्टुलावर बसलेला असतो. एकतीस वर्षं माझ्या कपड्यांना वास यायचा, बसमध्ये शेजारी कुणी बसायचं नाही. आता वास येत नाही. तरी शेजारची जागा रिकामीच असते. सवय लोकांना लागली की माझ्या चेहऱ्याला, कोण जाणे.

एकटं वाटतं, ताई. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं तर राहू दे.

एलिसेओ

९ सप्टेंबर

ताई,

आज एक गंमत झाली. म्हणजे गंमतच म्हणायची.

आमच्याकडे पिशवीची परीक्षा असते. जाड कापडाची पिशवी, आत एक हाड, कधी अख्ख्या पंजाची सुटी हाडं. पोरांनी आत हात घालायचा आणि न बघता सांगायचं, कुठलं हाड, कुठल्या बाजूचं. गाईच्या पोटात हात घालून वासरू वळवायची वेळ आली की डोळे काय कामाचे? तिथे बोटांनाच दिसायला हवं.

युलियाना म्हणून एक मुलगी आहे, उत्तरेकडची, सोनोराची. बोलायला तिखट. पिशवीत हात घालून पाच मिनिटं बसली. मी म्हटलं, "अगं, सांग लवकर. कुत्र्याचा पुढचा पंजा आहे, काही भुताचा नाही."

"काका, बाकीची हाडं कुत्र्याची आहेत. हे एक नाही."

"म्हणजे?"

"हे शेजारच्या हाडाशी बसत नाही. आणि हे मोडून जुळलंय. वाकडं जुळलंय. तुम्ही बोट फिरवून बघा ना."

मी म्हटलं, "यंत्राची चूक असेल. तार कधीकधी ओघळते."

"बेचाळीस वेळा एकाच जागी ओघळली? माझ्या घरच्या संचातही असंच आहे." आणि वर म्हणते, "काका, तुम्हीच शिकवलंत, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. आता तुम्ही बोटांवरही ठेवू नका म्हणताय."

वर्ग हसला. मीही हसलो. तिला पूर्ण गुण दिले.

नंतर ती मागच्या खोलीत आली. माझ्या भिंतीवर आपल्या स्मशानाचा फोटो आहे ना, पेट्यांच्या ओळी आणि भरतकाम केलेली फडकी, तो बघून तिनं विचारलं. मी सांगितलं, आमच्या गावात माणूस पुरल्यावर तीन वर्षांनी त्याला वर काढतात, हाडं पेटीत ठेवतात, आणि दर वर्षी मृतांच्या दिवसांआधी घरची माणसं ती ब्रशनं पुसतात, नवं फडकं घालतात, गप्पा मारतात. तिला वाटलं मी थापा मारतोय. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही घरूनच शिकून आलात की!"

मी हो म्हटलं.

एलिसेओ

२० सप्टेंबर

ताई,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. हाड माझ्या खणात नाही. सहा वर्षांपूर्वी दोन दिवस होतं, नंतर नव्हतं.

सगळं लिहितो. मध्येच पत्र फेकू नकोस. फेकलंस तरी निदियाकडून परत उचलवून वाच.

तो दिवस तुला आठवतो तसाच मलाही आठवतो. आई पेटीशी बसली होती, तू कवटी पुसत होतीस. हाताची सगळी हाडं आईनं एकत्र ठेवली होती, फक्त एक वेगळं, त्याच्यापुरत्या छोट्या फडक्यात. तिनं ते सोडलं. मी बघितलं. आखूड, वाकडं, टोकं झिजलेली. आणि मी, तेव्हाच पंचवीस वर्षं हाडं हाताळलेला, अख्ख्या स्मशानासमोर म्हणालो, "हे बाबांचं नाही. हे कुत्र्याचं आहे. खोदणाऱ्यानं फावड्याबरोबर उचललं असणार."

तू बोललीस. "सहा वर्षं आई ज्याला पुसते आहे तो कुत्रा?" हे तू इतक्या मोठ्यानं म्हणालीस की पलीकडच्या ओळीतली माणसं उभी राहिली. मलाही चेव चढला. म्हटलं, सिद्ध करून दाखवतो, आणि हाड शर्टाच्या खिशात टाकलं. आईनं ते छोटं फडकं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. तिचा हात तसाच पुढे राहिला, मग तिनं फडक्याची घडी केली.

इथे येऊन मी ते हाड कुत्र्याच्या पंजाशी लावलं. आमच्या एका संचात डाव्या पंजाचं एक हाड कधीपासून हरवलेलं होतं. हे त्या जागी ठेवून बघितलं. बसलं. म्हणजे मला बसलेलंच हवं होतं. रागाच्या भरात मी म्हटलं, घ्या, आणि ते तिथेच ठेवून दिलं, नंबर घातला आणि पेटी फळीवर सरकवली.

पुढच्याच फेब्रुवारीत आई गेली. मी आलो तेव्हा तू म्हणालीस, "तिकडे उभा राहा, पाहुण्यांत." मी पाहुण्यांत उभा राहिलो.

पाच वर्षं पोरांनी ते हाड हाताळलं. गेल्या वर्षी छपाईसाठी मी सगळ्यात चांगली पेटी निवडली आणि ती नेमकी तीच निघाली. एकेक हाड मी माझ्या हातांनी चकतीवर ठेवलं. तेही ठेवलं. ते कुणाचं, हे मला आठवलंसुद्धा नाही. युलियानानं बोट ठेवलं तेव्हा आठवलं.

अजूनही ते कुत्र्याचंच निघावं असं मला वाटतं आहे. तसं निघालं तर मी नुसता उद्धट ठरतो. नाहीतर मी कोण ठरतो ते लिहवत नाही.

उद्या अंकोना मॅडमना दाखवणार आहे. त्या आमच्या विभागप्रमुख आहेत.

एलिसेओ

३ ऑक्टोबर

ताई,

ते बाबांचंच आहे.

अंकोना मॅडमनी हाड पडद्यावर मोठं करून बघितलं. त्यांचा भाऊ माणसांच्या हाडांचा डॉक्टर आहे, त्याला बोलावलं. त्यानं हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "माणसाचं आहे. करंगळीच्या मुळाशी तळहातात असतं ते. उजव्या हाताचं. मोडल्यावर कुणी नीट बांधलं नाही, म्हणून आखूड झालं. टोकं घासली गेलीत, त्यामुळे कुणीही फसेल." शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडे बघून दयेनं म्हटलं. मला त्याची दया नको होती.

मी म्हटलं, "खेचरानं लाथ मारली होती." कारण बाबा तसंच सांगायचे.

तो म्हणाला, "लाथेनं असं मोडत नाही. हे मूठ आपटल्यानं मोडतं. भिंतीवर, दारावर. रागात लोक असंच करतात. आठवड्याला एक तरी येतो माझ्याकडे."

ताई, मी घर सोडलं तेव्हा अठरा वर्षांचा होतो. बाबा म्हणाले होते, "भट्टी सोडून निघालास तर मागे वळून बघू नकोस." मी बघितलं नाही. अंगण ओलांडलं आणि मागून धाडकन आवाज आला. मला वाटलं, बाबांनी माझ्या पाठीवर दार लावून घेतलं. सदतीस वर्षं मी तो आवाज तसाच धरून बसलो. कुणी विचारलं की सांगायचो, बापानं माझ्या तोंडावर दार आपटलं.

दोन वर्षांनी आलो तेव्हा त्यांच्या उजव्या करंगळीच्या मुळाशी मुठीचा उंचवटा खाली बसलेला होता. मी बघितलं होतं. खेचराची गोष्ट ऐकली आणि सोडून दिलं. आणि दाराच्या आतल्या बाजूला, मध्येच, छातीच्या उंचीवर आईनं बेकरीचं कॅलेंडर लावलेलं होतं. मी तिला चिडवायचो, "आई, हे कॅलेंडर कोंबड्यांसाठी लावलंस का? तारीख बघायला वाकावं लागतं." ती हसायची नाही. दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर.

त्याच्या मागे काय आहे ते तुला माहीत आहे ना? तुला तेव्हाही माहीत होतं. म्हणून आई ते एक हाड वेगळ्या फडक्यात ठेवायची. त्यांच्या सगळ्या हाडांतलं तेवढं एक माझ्यामुळे मोडलं होतं, आणि मीच त्याला कुत्र्याचं म्हणालो.

मला सांगितलं का नाहीस? हा दोष देत नाही, नुसतं विचारतो. कदाचित सांगण्यासारखा मी तिथे कधी थांबलोच नाही.

मी हाडं बघत राहिलो, ताई. हात कधी बघितला नाही.

एलिसेओ

१७ ऑक्टोबर

ताई,

नकला परत गोळा केल्या. आधी वाटलं होतं की गुपचूप बदलून टाकावं, पण बेचाळीस पोरांना काय सांगणार? शेवटी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की त्या संचात एक हाड माणसाचं गेलं आहे, ते माझ्या वडिलांचं आहे, आणि चूक माझी आहे. मग मागून कुणीतरी विचारलं, "काका, वडिलांचं नाव काय?" मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोरं ओळीनं आली. एकेकानं आपल्या संचातलं ते हाड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. कुणी कागदात गुंडाळून आणलं होतं, कुणी रुमालात. युलियाना सगळ्यात शेवटी आली. म्हणाली, "मी याच्यावर ओरडले होते, बसत नाहीस म्हणून. सॉरी सांगा त्यांना."

कुत्र्याचं खरं हाड शोधून मी नवीन बेचाळीस काढून दिली. बाबांचं हाड आता माझ्याजवळ आहे. या वेळी खरंच आहे. नंबर पुसला, पण शाईचा थोडा डाग राहिला आहे. तुला दिसेल, म्हणून आधीच सांगतो.

या बेचाळीस नकला एका खोक्यात माझ्यासमोर आहेत. त्यांचं काय करायचं ते कळत नाही. प्लॅस्टिकच आहे. पण कचऱ्यात टाकायला हात उठत नाही. अंकोना मॅडम म्हणतात की त्यातलं एक विभागात ठेवू या, काचेच्या पेटीत, म्हणजे पुढच्या पोरांना कळेल की जाणकार माणूस कसा चुकतो. मी म्हटलं, बहिणीला विचारतो. तेव्हा तुला विचारतो आहे. परवानगी तुझी. माझा हक्क राहिलेला नाही.

गेली पाच वर्षं ऑक्टोबर आला की मी इथल्या लोकांना सांगतो, यंदा काम फार आहे. सगळे आपापल्या गावी जातात आणि मी रिकाम्या कॉलेजात गाईच्या हाडांना ब्रश मारत बसतो. काम काही नसतं. आईला तू निदियाबरोबर वर काढलंस, मला कळवलंही नाहीस. बरोबरच केलंस. पण मला तिला पुसायचं आहे, ताई. एकदा तरी.

येऊ का? तू नको म्हणालीस तर निदिया बसस्टॉपवर येऊन हाड घेऊन जाईल. मी त्याच बसनं परत फिरेन. हाड मात्र पोचलं पाहिजे.

एलिसेओ

२९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तुला मी तिथे पोचल्यावर मिळेल. तरी लिहितो, कारण समोर आल्यावर मला यातलं काही बोलता यायचं नाही.

काल तुझं पार्सल आलं. वर पाव, प्रवासात चेपलेले. खाली ती फडकी. आधी मला कळलंच नाही. वीतभरसुद्धा नाहीत, चारी बाजूंना लाल-हिरवी वेल आणि कोपऱ्यात बाबांचं नाव. एक, दोन, करत सहा निघाली. मग तुझी चिठ्ठी वाचली.

ती इतकी वेळा वाचली आहे की इथे उतरवून काढू शकतो.

"एलिसेओ, दर वर्षी एक केलं. आईनं जाताना सांगितलं होतं, तो आणेल, फडकं तयार ठेव. पेटीत रिकामीच ठेवत होते. यंदाचं सगळ्यात वर आहे. मॅडमना एक ठेवू दे, बाबा कधी शाळेत गेले नव्हते. पण खाली नाव लिहायचं, वेनान्सियो उक. नुसतं 'माणूस' लिहिलेलं मला चालणार नाही. बाकीच्या एकेचाळीस तुझ्या तू बघ, ते बाबा नाहीत. दार आईनं बदलू दिलं नाही आणि मीही बदललं नाही. कॅलेंडर काढून ठेवलंय. फळीला चीर आहे ती तूच बघ, मी सांगून काय होणार. गुडघा दुखत असेल तर पुढच्या सीटवर बस. तोमासा."

'तो आणेल' म्हणाली होती आई. मी फडकंसुद्धा घेतलं नव्हतं, तरी म्हणाली. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, ताई. यंत्रं चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

पाटी मी स्वतः लिहिली. अक्षर बरं आलं आहे. मॅडमनी नक्कल काचेत ठेवली आणि युलियानानं काच पुसली. बाकीच्या एकेचाळीस खोक्यात बंद करून फळीवर ठेवल्या आहेत. त्यांचं परत आल्यावर बघू.

हाड मी सहाही फडक्यांत बांधलं आहे, एकावर एक. यंदाचं सगळ्यात वर. जरा जाड गाठोडं झालं आहे, पण तुला गाठ सोडता येईल.

उद्या सकाळी सातच्या बसनं निघतो. तू म्हणतेस तसा पुढच्या सीटवर बसेन. शेजारची जागा रिकामीच असेल, नेहमीसारखी. ती बाबांना देईन, खिडकीकडची.

तुझा,
एलिसेओ